डायकास्ट लढाऊ विमान: फूटभर सुखोईचा फोटो खराखुरा कसा वाटतो?

वितळलेला धातू दाबाने साच्यात ओतून वस्तू घडवण्याच्या पद्धतीला डायकास्ट म्हणतात. संग्राहकांची छोटी लढाऊ विमाने अशीच बनतात. मुख्य सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो, चाके आणि क्षेपणास्त्रे बहुधा प्लास्टिकची.

सर्वांत रुळलेले प्रमाण १:७२. नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कारखान्यात तयार झालेले सुखोई-३० एमकेआय सुमारे २२ मीटर लांब आहे. या प्रमाणात ते ३० सेंटिमीटर, म्हणजे फूटभर होते. ओझरलाच बांधलेले मिग-२१ तर २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलातून निवृत्त झाले. ते आता उडताना दिसणार नाही, त्यामुळे मॉडेल आणि त्याचा फोटो याला वेगळे मोल आले आहे.

कॅमेरा किती उंचीवर?

सगळी गंमत इथेच आहे. माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १.६ मीटरवर असतात. त्याला ७२ ने भागले की येतात जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर. म्हणून मोबाइल उलटा धरून लेन्स जमिनीला टेकवावी लागते. वरून काढलेला फोटो खेळण्याचाच दिसतो.

जमिनीचेही तसेच. धाराशिव जिल्ह्यातल्या काळ्या रानात उन्हाळ्यात सेंटिमीटरभर भेग सहज पडते. फोटोत ती पाऊण मीटरचा चर होते. हरभऱ्याएवढा खडा म्हणजे धोंडा! त्यापेक्षा रंगवलेल्या प्लायवुडवर चाळणीने चाळलेली माती पसरावी आणि मागे बालाघाटचे डोंगर किंवा नळदुर्गचा तट दूरवर येऊ द्यावा. सूर्य उगवल्यावरचा पहिला तास उत्तम, कारण सावल्या लांब पडतात.

फार जवळ गेल्यास नाक स्पष्ट आणि शेपूट धूसर येते. ही धूसरताच मॉडेल उघडे पाडते. थोडे मागे सरकून झूम वापरले की ती कमी होते.

जपायचे कसे?

धातूत शिशाची भेसळ राहिली असेल, तर दमट हवेत मॉडेलला भेगा पडून ते चुरगळू शकते. यावर उपाय नाही. मराठवाड्याची कोरडी हवा त्या मानाने बरी, पण धूळ भरपूर. काचेचे कपाट आणि मऊ ब्रश हवाच.

फोटो टाकताना

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या काळात व्हिडिओ गेममधली दृश्ये खऱ्या लढाईची म्हणून फिरली आणि पीआयबी फॅक्ट चेकला ती खोडून काढावी लागली. नीट जमलेला मॉडेलचा फोटोही तसाच फिरू शकतो. फॉरवर्ड होताना कॅप्शन गळून पडते, म्हणून ‘१:७२ मॉडेल’ ही अक्षरे फोटोवरच, कापता येणार नाहीत अशा जागी टाकावीत.