जागच्या जागी

अब्बांचा जनाजा आम्ही दोन फळ्यांवरून नेला. गटाराच्या पाइपासाठी गल्लीत चर खणून ठेवला होता. खांदा देणारे एका वेळी दोघेच पलीकडे जाऊ शकत होते. श्रोतेहो, रस्ता न फोडता जमिनीतला पाइप दुरुस्त होतो, असं पुढे वाचलं तेव्हा मी थबकलो तो यामुळेच.

ही गोष्ट पूर्व लंडनमधल्या हॅकनीची. तिथं विटांचं, अंडाकृती, सुमारे शंभर वर्षांचं एक गटार होतं. १९७१ साली एरिक वुड यांनी त्याच्या सुमारे ७० मीटर लांबीला आतून नवं अस्तर दिलं. पद्धतीला नाव दिलं ‘इन्सिटुफॉर्म’. लॅटिनमध्ये ‘इन सिटू’ म्हणजे जागच्या जागी. अमेरिकेतलं पेटंट १९७७ मध्ये मिळालं.

यातलं सामान मला ओळखीचं वाटलं. अब्बा पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरायचे. इथं कापसाऐवजी पॉलिएस्टर. नमद्यासारखं जाड कापड, विणलेलं नव्हे, सुयांनी टोचून तंतू एकमेकांत गुंतवलेलं. त्याची गटाराच्या मापाची लांबच लांब नळी करून पातळ रेझिनमध्ये भिजवतात आणि थंड ठेवूनच आणतात, नाहीतर वाटेतच घट्ट व्हायची. पुढे रूढ झालेल्या रीतीत नळीचं तोंड मॅनहोलपाशी बांधतात. पाण्याच्या दाबानं ती आत उलटत जाते, उशीचा अभ्रा उलटावा तशी. ओली बाजू विटांना चिकटते. मग तेच पाणी तापवायचं. काही तासांत जुन्या गटाराच्या पोटात बिनसांध्याचा नवा पाइप तयार! घरांकडून येणाऱ्या जोडण्यांची तोंडं मात्र झाकली जातात, ती यंत्रानं आतून कापावी लागतात. आणि गटार पार ढासळलेलंच असेल, तर खोदण्यावाचून गत्यंतर नाही.

एवढं वाचून मी खूश होतो. पण या रेझिनमध्ये बहुधा स्टायरिन असतं आणि त्याची वाफ बाधते. २०१७ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात अशाच कामावर एक तरुण कामगार गटारात शिरला, तो जिवंत बाहेर आला नाही. स्टायरिन नसलेली रेझिनंही आता मिळतात. ती वापरायची की नाही, हे वर रस्त्यावर उभा असलेला माणूस ठरवतो.

आमच्या गल्लीतल्या त्या चरातही दोन पोरं होती, गुडघाभर चिखलात. जनाजा येताना दिसला तशी ती वर आली, पँटीला हात पुसले आणि आम्ही पलीकडे जाईपर्यंत फळ्या धरून बसली.