दलदलीतले उंचवटे

उंच वाफा म्हटला की लक्ष प्रथम रचलेल्या मातीकडे जाते. परंतु जेथे पाऊस फारसा खंडत नाही आणि जमिनीखालचे पाणी मुळांपर्यंत चढून येते, तेथे वाफ्याचा जीव शेजारच्या चरात असतो. चिंब मातीतील हवा निघून जाते, मुळे गुदमरतात आणि कुजतात. म्हणून माती वर चढवणे व पाणी खाली उतरवणे ही एकाच कामाची दोन अंगे ठरतात. भाताची रोपे गादीवाफ्यावर, म्हणजे सपाट माथ्याच्या, वीतभर उंच वाफ्यावर वाढवणाऱ्या कोकणातील शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. मात्र हे शहाणपण किती जुने आहे, ते पापुआ न्यू गिनीतील कूक येथील दलदलीने दाखवून दिले.

वाघी खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर कूक आहे. तेथे चहाच्या संशोधन केंद्रासाठी निचऱ्याचे चर खणले गेले, तेव्हा त्यांच्या उभ्या कडांत बुजलेल्या जुन्या चरांचे काप दिसू लागले : काळ्या मातीत खोलगट आकार आणि त्यांत साचलेले ज्वालामुखीच्या राखेचे करडे पट्टे. निरनिराळ्या उद्रेकांची राख वेगळी ओळखता येत असल्याने या पट्ट्यांनीच कालगणनेला मोठा आधार दिला. पुरातत्त्वज्ञ जॅक गोल्सन यांनी १९७० च्या दशकात येथे उत्खनन केले आणि पुढे टिम डेनहॅम यांनी त्याचा नव्याने पडताळा घेतला.

सुमारे ७,००० वर्षांपूर्वी येथील लोक ओल्या जमिनीवर मातीचे लहान उंचवटे रचत होते. केळी आणि कोनफळासारख्या कंदांना पाणी तुंबलेले सोसत नाही, म्हणून त्यांना कोरडा माथा, तर ओल मानवणाऱ्या अळूला पायथा, अशी एकाच उंचवट्यावर दोन प्रकारच्या पिकांची सोय होत असे. केळीची साक्ष फायटोलिथांनी दिली. वनस्पतीच्या पेशींत तयार होणारे आणि ती कुजल्यावरही मातीत उरणारे हे सिलिकाचे सूक्ष्म कण होत. अळूच्या पिष्टाचे कण तर दगडी हत्यारांना चिकटलेले सापडले.

सुमारे ४,००० वर्षांपूर्वी सरळ, एकमेकांना छेदणारे चर आले आणि उंचवट्यांच्या जागी चौकोनी वाफे दिसू लागले. हा बदल उंचवट्याच्या शोधापेक्षाही मोठा मानायला हवा. कारण उंचवटा एकट्याला रचता येतो, पण चरांचे जाळे टिकवायचे तर पाणी कोणाच्या जमिनीतून कोठे सोडायचे, हे शेजाऱ्यांना मिळून ठरवावे लागते. मूळचे दक्षिण अमेरिकेतील रताळे गेल्या काही शतकांत येथे पोहोचले, तेव्हा पाणथळीत न टिकणाऱ्या या पिकालाही हीच रीत उपयोगी पडली. पश्चिमेकडील एंगा प्रांतात आजही गवत व जुने वेल पोटात पुरून रताळ्यांसाठी मोठे उंचवटे रचतात.

शेतीचा उगम सांगताना पश्चिम आशियातील गहू-जवापाशीच थांबणे कूकच्या या पुराव्यामुळे चुकीचे ठरते : न्यू गिनीत ती स्वतंत्रपणे, धान्याविना, कंद आणि केळीच्या आधाराने उभी राहिली. २००८ मध्ये कूकच्या ११६ हेक्टर क्षेत्राला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. चहाचे केंद्र त्याआधीच बंद पडले होते, आणि तेथील कावेल्का लोक त्याच जमिनीत पुन्हा चर खणून बागा कसू लागले होते.