दिल्लीच्या वेशीवर बाजीराव

पहाडगंजपासून काही किलोमीटरवर असलेला तालकटोरा आज बाग आणि क्रीडागार यांमुळे सर्वपरिचित आहे. मार्च १७३७ च्या अखेरीस मात्र त्याच परिसरात मराठी आणि मोगल सैन्यांची गाठ पडली होती.

या स्वारीचे निमित्त ठरली एक बढाई. माळव्याच्या प्रश्नावर युद्ध चालू होते. दुआबात उतरलेल्या मल्हारराव होळकरांच्या तुकडीस अवधचा सुभेदार सादतखान याने मागे रेटले आणि मराठ्यांस चंबळेपार पिटाळल्याचे बादशाह मुहम्मदशाहास कळविले. ही बढाई खोटी ठरविण्याचा निश्चय थोरल्या बाजीरावांनी केला. मोगल सरदारांच्या मोठ्या फौजा आग्रा-मथुरेकडे असताना त्यांना बगल देऊन, दहा मजलांची वाट दोन दिवसांत तोडून ते दिल्लीच्या दक्षिणेस काळकादेवीपाशी प्रकटले. जत्रेस आलेल्यांची लूट झाली आणि राजधानीत हाहाकार उडाला.

शहर जाळावे, असा विचार प्रथम बाजीरावांच्या मनात होता. परंतु राजधानीचा विध्वंस केल्यास राजकारणाचा मार्गच खुंटेल, हे जाणून त्यांनी तो सोडला. बंधू चिमाजीअप्पांना धाडलेल्या पत्रात त्यांनी हे कारण नमूद केले आहे. ते शहरापासून दूर सरले. ही माघार दुर्बलतेची समजून मोगल सैन्य बाहेर पडले, तेव्हा होळकर आणि राणोजी शिंदे यांनी त्याचा पराभव केला. मोठ्या फौजा परतत असल्याचे कळताच बाजीराव आल्या वेगाने निघून गेले.

भयभीत दरबाराने निजामास दक्षिणेतून पाचारण केले. बाजीरावांनी त्याला भोपाळ येथे कोंडले. जानेवारी १७३८ मधील दोराहाच्या तहात माळवा, नर्मदा-चंबळ यांमधील प्रदेश आणि पन्नास लाख रुपये खर्चापोटी देण्याचे निजामाने मान्य केले. पुढे १७४१ मध्ये बादशाहाकडून नानासाहेब पेशव्यांस माळव्याची सनदही मिळाली.

राजधानीचे रक्षण किती पोकळ आहे, हे या स्वारीने उघड केले होते. दरबार मात्र सावध झाला नाही. अवघ्या दोन वर्षांनी, मार्च १७३९ मध्ये, नादिरशाहाने याच शहरात भीषण कत्तल केली आणि मयूरासनासह अपार संपत्ती नेली. तो लूट घेऊन गेला; बाजीरावांच्या स्वारीतून मराठ्यांचे राजकारण उत्तरेत रुजले. दिल्लीत मराठीतून शिकणाऱ्या पिढ्यांनी त्या वेगाचा अभिमान जरूर बाळगावा; पण हाती आलेले शहर न जाळण्याचा तो निर्णयही तितक्याच आदराने स्मरावा.