फेफरं, जोडा आणि 1912 सालची गोळी

नाणेघाटाच्या माथ्यावरच्या आमच्या घाटघर गावात कुणाला फेफरं आलं की आधी जोडा शोधायचे. तो नाकाशी धरायचा, नाही तर कांदा फोडून हुंगवायचा, मुठीत किल्ली द्यायची. दोन-तीन मिनिटांत हातपाय शांत व्हायचे आणि जोड्याला यश मिळायचं. पुढे आरोग्यसेविका झाले तेव्हा कळलं, की बहुतेक झटके तेवढ्याच वेळात आपले आपण थांबतात. भगताच्या अंगाऱ्याचंही तेच. दोन झटक्यांमधले मोकळे महिने अंगाऱ्याच्या खाती जमा व्हायचे. यासाठी आमच्या लोकांना अडाणी म्हटलेलं मला खपत नाही. जे डोळ्यांना दिसलं, ते त्यांनी मानलं.

माझ्या आत्याला फेफरं यायचं. बाहेरची बाधा म्हणून तिला सासरहून आणून सोडलं. ती हिरडा गोळा करायची, आवणीला जायची, पण विहिरीवर तिला एकटीला कुणी पाठवत नसे. एकदा भाकरी थापताना झटका आला आणि उजवा हात चुलीत गेला. तो पुन्हा नीट वळला नाही.

तिच्या जन्माच्या कितीतरी आधी या आजाराचं औषध सापडलं होतं. 1912 साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरने फेफऱ्याच्या रुग्णांना रात्री शांत झोप लागावी म्हणून फिनोबार्बिटल दिलं, आणि त्यांचे झटकेच कमी झाले. ज्यू असल्यामुळे नाझींनी पुढे त्याला छळछावणीत टाकलं. सुटल्यावर तो अमेरिकेला गेला. त्याची गोळी मात्र जगभर पोचली. ती स्वस्त आहे, आजही वापरात आहे. नाणेघाटातून सातवाहनांच्या काळी व्यापाऱ्यांचे तांडे चढत होते, त्याच घाटमाथ्यावरच्या माझ्या आत्याला ही गोळी मिळाली नाही, याचा राग मला आजही येतो.

झटक्यात नेमकं काय होतं, हे लंडनच्या ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी 1873 मध्येच मांडलं होतं: मेंदूच्या करड्या भागातून अचानक, जोराचा विद्युत्स्राव होतो. 1924 मध्ये हान्स बेर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या विजेचा आलेख पहिल्यांदा काढला आणि पुढे झटक्याच्या लाटा कागदावर दिसू लागल्या. मेंदूतल्या काही पेशी शेजारणीला चेतवतात, काही आवरतात. आवरणाऱ्या कमी पडल्या की हजारो पेशी एकाच ठेक्यावर पेटतात. लेझीममध्ये सगळ्यांचे हात एकदम पडले तर खेळ रंगतो. मेंदूत तसं झालं तर माणूस कोसळतो. फिनोबार्बिटल आवरणाऱ्या पेशींचं बळ वाढवतं. 1938 साली आलेलं फेनिटॉइन पेशींत सोडियम शिरण्याच्या वाटा अडवतं, म्हणून त्या पुन्हापुन्हा पेटू शकत नाहीत.

आपल्याकडे चरकसंहितेतही अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहेत. वात, पित्त, कफ आणि सन्निपात असे चार प्रकार सांगून उपचार दिले आहेत. म्हणजे शास्त्राने याला आजार मानलं होतं. समाजाने मानलं नाही. 1976 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारं फेफरं लग्नाला अपात्र ठरवणारं कारण म्हणून घातलं गेलं, ते 1999 साली काढलं. आम्ही महादेव कोळी. अनुसूचित जमातींना हा कायदा आपोआप लागू होत नाही. तरी मुली माघारी यायच्याच. म्हणूनच पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतःचा आजार उघड सांगून 'संवेदना' गट उभा केला आणि फेफरं असलेल्यांची लग्नं जुळवायला घेतली, हे काम मला फार मोलाचं वाटतं.

नोकरीत मला खरी झुंज द्यावी लागली ती गोळी बंद करणाऱ्यांशी. "ताई, सहा महिने काही नाही, आता कशाला?" झटके थांबलेले असतात ते गोळीमुळेच. ती एकदम सोडली तर दबलेल्या पेशी उसळतात, आणि मग एकामागून एक झटके येऊन जिवावर बेततं. बंद करायचीच तर डॉक्टरांच्या सांगण्याने, बऱ्याच महिन्यांत थोडी थोडी कमी करत. पावसाळ्यात दरड आली की जुन्नरचा रस्ता अडतो, म्हणून जून लागण्याआधी दोन महिन्यांच्या गोळ्या घरात आणून ठेवा, हे मी निवृत्तीनंतरही घरोघर सांगते. आणि झटका आलाच तर माणसाला कुशीवर करा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेला तर गाडी काढा.