दाहशामक वेदनाहारी औषधे, गुरे व घोड्यांतील

जनावरांतील वेदना, सूज व ताप उतरवणारी, स्टेरॉइड नसलेली औषधे. मेलॉक्सिकॅम, फ्लुनिक्सिन मेग्लुमिन, टॉल्फेनामिक आम्ल, फिनाइलब्युटाझोन, कीटोप्रोफेन ही त्यांतील परिचित नावे. कासदाह, न्यूमोनिया, लंगडणे, शिंगकळ्या जाळणे, खच्चीकरण, घोड्यातील पोटशूळ अशा प्रसंगी ती दिली जातात. गाय-म्हैस दुखणे फारसे दाखवत नाही. चारा कमी खाणे, रवंथ थांबणे, कळपापासून अलग उभे राहणे एवढीच खूण असते. त्यामुळे ही औषधे गुरांना गरज असूनही दिली जात नाहीत, असेही पुष्कळदा घडते.

इजा झालेल्या ठिकाणी सायक्लोऑक्सिजनेज विकरांमुळे प्रोस्टाग्लँडिने तयार होतात आणि सूज, ताप व ठणका वाढतो. ॲस्पिरिनसारखी औषधे ही निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. मात्र जठराचे अस्तर शाबूत ठेवणे व मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवणे ही कामेही प्रोस्टाग्लँडिनेच करतात. औषधाचा गुण आणि दोष यांचे मूळ असे एकच असल्याने दोष पूर्णपणे टाळता येत नाही, आटोक्यात ठेवता येतो.

मात्रा वजनावर ठरते आणि चुका बहुधा इथेच होतात. गुरांसाठी मेलॉक्सिकॅमची नेहमीची मात्रा किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे ३०० किलोच्या गाईला १५० मिलिग्रॅम. बाटलीतील द्रावण मिलिलिटरला ५ मिलिग्रॅमचे असेल तर ३० मिलि लागते, २० मिलिग्रॅमचे असेल तर साडेसात मिलि पुरते. लेबल न वाचता सवयीने सुई भरली, तर मात्रा चौपट होते किंवा चतुर्थांशावर येते. एका जातीचे गणित दुसरीला लावणेही धोक्याचे. फिनाइलब्युटाझोनचे रक्तातील प्रमाण घोड्यात काही तासांत निम्म्यावर येते; गाईत त्याला दोन दिवसांच्या आसपास लागतात. घोड्याप्रमाणे रोज मात्रा दिल्यास गाईच्या अंगात औषध साचत जाते.

शरीरात पाणी कमी असताना ही औषधे मूत्रपिंडाला सर्वाधिक इजा करतात. हगवण लागलेले वासरू, उन्हात दमलेला घोडा किंवा तोंड आल्यामुळे पाणी न पिणारी गाय यांना आधी पाणी व क्षार देऊन मगच औषध देणे योग्य. अशी दोन औषधे एकत्र, किंवा त्यांतील एक स्टेरॉइडच्या जोडीला दिल्यास आराम फारसा वाढत नाही, व्रण मात्र वाढतात. वासरात ते चौथ्या पोटात होतात. घोड्यात जठराबरोबर मोठ्या आतड्याचा उजवा वरचा भागही सोलवटतो. पातळ लीद, वारंवार पोटदुखी, प्रथिने घटून पोटाखाली येणारी सूज ही त्याची लक्षणे. विण्याच्या आसपास फ्लुनिक्सिन दिल्यास गाईची वार अडकण्याचा संभव वाढतो.

घोड्याला फ्लुनिक्सिन स्नायूत टोचल्यास तेथे क्लॉस्ट्रिडियम जंतूंचा जीवघेणा संसर्ग होऊ शकतो, म्हणून ते शिरेतून किंवा तोंडावाटे देतात. फिनाइलब्युटाझोन शिरेबाहेर सांडले तर भोवतालचे मांस सडते. पोटशूळात फ्लुनिक्सिनने कळ थांबते, पण कळ थांबली म्हणजे आतड्याचा पीळ सुटला असे नव्हे. नाडी, आतड्याचे आवाज व हिरड्यांचा रंग पाहत राहावे लागते. वेदना परतली तर दुसरी मात्रा देण्याआधी शस्त्रक्रियेचा विचार आवश्यक ठरतो.

औषधाचा अंश दुधा-मांसात उतरतो. युरोपात मेलॉक्सिकॅमनंतर गाईचे दूध ५ दिवस व मांस १५ दिवस वर्ज्य मानतात. माणसात रक्तपेशींची निर्मिती बिघडवू शकणारे फिनाइलब्युटाझोन दिलेल्या घोड्याचे मांस तेथे खाद्यासाठी कायमचे बाद ठरते.

भारतात या विषयाला गिधाडांमुळे निराळे महत्त्व आले. पाकिस्तानातील अभ्यासातून २००४ मध्ये स्पष्ट झाले, की डायक्लोफेनॅक दिलेल्या गुराचे मढे खाल्ल्यावर गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर चढतात. भारताने २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या तरीही गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये डायक्लोफेनॅकची इंजेक्शने ३ मिलिच्या एकेका मात्रेपुरती मर्यादित झाली. गाईच्या शरीरात डायक्लोफेनॅकमध्येच रूपांतर होणारे ॲसेक्लोफेनॅक, तसेच कीटोप्रोफेन यांवर २०२३ मध्ये बंदी आली. पुढे निमेसुलाइडचाही पशुवैद्यकीय वापर बंद झाला. फ्लुनिक्सिनही गिधाडांना घातक ठरले आहे. मेलॉक्सिकॅम व टॉल्फेनामिक आम्ल चाचण्यांत निर्धोक आढळल्याने गुरांसाठी त्यांचीच शिफारस केली जाते. इतर वेदनाशामके चालू असताना दगावलेले जनावर उघड्यावर न टाकता पुरावे लागते.