हुआ हिन

हुआ हिन : थायलंडच्या आखाताच्या पश्चिम किनाऱ्यावरील शहर व हवापालटाचे जुने ठिकाण. प्रचुआप खीरी खान प्रांतातील याच नावाच्या जिल्ह्याचे ठाणे. बँकॉकपासून दक्षिण-नैर्ऋत्येस रस्त्याने सुमारे २०० किमी. नगरपालिका हद्दीतील नोंदणीकृत लोकसंख्या साठ हजारांहून थोडी अधिक. मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बाजारात आणि वाळूवर दिसणारी माणसे या आकड्यात मावत नाहीत. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, जर्मनी, ब्रिटन अशा देशांतून नोकरी संपवून आलेली मंडळी त्या काळात इथे मुक्कामाला असतात. काही जण मार्चमध्ये परततात, बरेचसे कायमचे राहिलेले आहेत. शनिवार-रविवारी बँकॉककरांची भर पडते ती निराळीच.

गावाची सारी ख्याती हवेवर उभी आहे. शहराच्या पश्चिमेला, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर तेनासरीमची डोंगररांग उत्तर-दक्षिण पसरली आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे अंदमान समुद्रावरून येतात आणि पाण्याचा मोठा वाटा या डोंगरांच्या पलीकडच्या अंगावर टाकून मोकळे होतात. पलीकडे जवळजवळ याच अक्षांशावर असलेल्या म्येइक (जुने नाव मेर्गुई) या बंदराला वर्षाला ४,००० मिमीच्या वर पाऊस पडतो, तर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरवरच्या हुआ हिनला जेमतेम १,००० मिमीच्या आसपास. महाबळेश्वरहून फलटणला उतरताना जो फरक जाणवतो त्याच जातीचा हा फरक. आपल्याकडे पर्जन्यछायेत माणदेश येतो, इथे पर्जन्यछायेत समुद्रकिनारा आला आहे. कोकणातला समुद्र आणि देशावरचे कोरडे आभाळ एकाच ठिकाणी मिळणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. या गावाला लाभलेले राजे आणि पेन्शनर या एका योगायोगाच्या आधाराने आले, असे म्हटले तर ते फारसे चूक होणार नाही.

थर्मामीटर पाहून मात्र निराशा होते. डिसेंबर-जानेवारीत दुपारचा पारा ३० अंशांच्या आतबाहेर असतो आणि पहाटे तो २२ अंशांपर्यंत उतरतो. एप्रिलमध्ये दुपारी ३३-३४ अंश, रात्री २६ च्या खाली जायचे नाव नाही. रत्नागिरीच्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही. हवा सौम्य ठरते ती तुलनेने. थायलंडचा उत्तर भाग एप्रिलमध्ये चाळिशी गाठतो तेव्हा इथे सकाळ उलटता उलटता समुद्रावरून वारा सुटतो आणि दिवस निभावून नेतो. जून ते ऑगस्ट आभाळ भरून येते, सरी पडतात आणि थांबतात, दिवसच्या दिवस झोडपणारा पाऊस सहसा नसतो. खरा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. तेव्हा वारे फिरतात, ईशान्येकडून आखातावरून येऊ लागतात, आणि डोंगराचा आडोसा उपयोगाचा राहत नाही. वर्षाच्या पावसातला मोठा हिस्सा या थोड्या आठवड्यांत पडून जातो आणि सखल गल्ल्यांत पाणी साचते. घर भाड्याने घ्यायला येणाऱ्याने ते याच दिवसांत पाहावे. जानेवारीत सगळीच घरे चांगली दिसतात.

हवेचा आणखी एक फायदा किनाऱ्याच्या दिशेने दिला आहे. हा किनारा पूर्वाभिमुख आहे. सूर्य समुद्रातून उगवतो आणि डोंगराआड मावळतो. अरबी समुद्रावरचा सूर्यास्त पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना पहिल्या संध्याकाळी चुकल्यासारखे होते. पण चार वाजल्यापासून नारळ, सुरू आणि इमारती यांची सावली वाळूवर उतरू लागते, आणि फिरायला बाहेर पडलेल्या वयस्कर माणसाला तोंडावर ऊन घ्यावे लागत नाही. किनाऱ्यावरची खरी वर्दळ सकाळी आठपर्यंत आणि दुपारी चारनंतर. मधल्या वेळात छत्र्यांखाली लाल झालेले नवखे पर्यटक तेवढे असतात.

एक विसंगती जाहिरातींत सापडत नाही. माणसांना सर्वांत सुखाचे जे महिने, त्यांत समुद्र सुखाचा नसतो. थंडीच्या मोसमातले ईशान्य वारे थेट किनाऱ्यावर येतात, पाणी गढूळ आणि खवळलेले असते, भरतीला पुळण अरुंद होते. पतंगाच्या जोरावर फळीवरून लाटा कापणारे तरुण खेळाडू या वाऱ्यासाठी मुद्दाम येतात. साठीच्या माणसाने त्या दिवसांत पोहण्याची हौस इमारतीच्या तलावात भागवावी. समुद्र शांत होतो तो उन्हाळ्याच्या तोंडावर, पाहुणे परतीच्या वाटेला लागल्यावर. पावसाळी महिन्यांत जेलीफिशचा उपद्रव होतो.

हा किनारा पूर्वीपासून आरोग्याचा मानला जात होता असे नाही. याच प्रांतात दक्षिणेला वा को नावाची जागा आहे. खगोलशास्त्राचा नाद असलेले राजे मोंगकुट (रामा चौथे) यांनी १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण तिथून दिसेल असे स्वतः गणित करून वर्तवले आणि परदेशी पाहुणे, फ्रेंच ज्योतिर्विद व सिंगापूरचा ब्रिटिश गव्हर्नर यांना तिथे बोलावून ते दाखवलेही. गणित अचूक ठरले, पण दलदलीतल्या त्या मुक्कामात राजांना मलेरिया झाला आणि १ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. त्याच ग्रहणाची सावली त्या दिवशी आधी आपल्या विजयदुर्गावरून गेली होती. ज्या किनाऱ्याने आजोबांचा बळी घेतला त्याच किनाऱ्यावर नातवांनी प्रकृतीसाठी राजवाडे बांधले. मधल्या पन्नासेक वर्षांत फरक पडला तो रेल्वेने.

हुआ हिन हे तेव्हा कोळ्यांचे आणि थोड्या शेतकऱ्यांचे खेडे होते. उत्तरेकडच्या फेत्चबुरीतून दुष्काळामुळे निघालेल्या कुटुंबांनी ते वसवले असे परंपरा सांगते. गावाचे आजचे नाव किनाऱ्यावरच्या खडकांवरून पडले आहे. दक्षिणेकडे मलायाच्या दिशेने बांधल्या जाणाऱ्या लोहमार्गाचे रूळ १९११ मध्ये इथे पोहोचले. प्रथम राजघराण्यातील एका राजपुत्राने समुद्राकाठी घर बांधले, मग इतरांनी. रेल्वेचे प्रमुख राजपुत्र पुरछत्र यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे रेल्वे हॉटेल उभारले. पाठोपाठ रेल्वेतल्याच एका स्कॉटिश अभियंत्याने आखलेले गोल्फचे मैदान आले, जे देशातले पहिले प्रमाणित मैदान मानले जाते. लाकडी सज्जे आणि तांबडी कौले असलेले हे हॉटेल वेगळ्या नावाने अजून चालू आहे. १९८४ च्या ‘द किलिंग फील्ड्स’ या चित्रपटात नॉम पेन्हमधले हॉटेल म्हणून दिसते ते हेच.

हवेचा विचार करून बांधलेली वास्तू पाहायची तर गावाच्या उत्तरेला शेजारच्या चा-आमच्या हद्दीत जावे. मृगदायवन राजवाडा मोंगकुट यांचे नातू आणि संधिवाताने त्रस्त असलेले राजे वजिरावुध (रामा सहावे) यांच्यासाठी १९२३-२४ मध्ये बांधला गेला. त्याआधी त्यांचा मुक्काम आणखी उत्तरेच्या एका किनाऱ्यावर असे. तिथे गोड्या पाण्याची वानवा होती आणि कोळीवाड्याजवळच्या माशा जीव नकोसा करत. म्हणून तिथला सागवानी राजवाडा उतरवून त्याचे लाकूड इकडे आणले. नाव सारनाथच्या मृगदावावरून घेतले आहे. ही वास्तू भव्य नाही, आणि तेच तिचे मोठेपण आहे. सारी दालने काँक्रीटच्या खांबांवर माणूसभर उंचीला उचललेली आहेत, त्यामुळे वारा जमिनीखालूनही खेळतो. छत उंच, खिडक्यांच्या वर लाकडी जाळी, आणि एका दालनातून दुसऱ्यात जायला छप्पर घातलेले लांबच लांब पूल, ते थेट पाण्याकाठच्या स्नानगृहापर्यंत जातात. खांबांच्या बुंध्याशी पाणी भरून ठेवण्याची खोबण केली आहे, म्हणजे मुंग्या वर चढू नयेत. दूध-तुपाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवणाऱ्या घरांतून आलेल्याला हे लगेच समजते. राजांना इथे दोनच उन्हाळे लाभले. नोव्हेंबर १९२५ मध्ये ते वारले.

त्यांचे धाकटे बंधू प्रजाधिपोक (रामा सातवे) यांनी खुद्द हुआ हिनमध्ये क्लाय कांगवॉन राजवाडा बांधवला. नावाचा अर्थ ‘चिंतेपासून दूर’. २४ जून १९३२ रोजी बँकॉकमध्ये लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांच्या गटाने सत्ता हाती घेऊन निरंकुश राजेशाही संपवली तेव्हा राजे इथेच होते, आणि खबर आली तेव्हा गोल्फ खेळत होते असे सांगतात. त्यांना आणायला नव्या सत्ताधाऱ्यांनी युद्धनौका पाठवली. राजांनी तिच्यात पाय ठेवायला नकार दिला, घटनात्मक राजेपद मान्य केले आणि आगगाडीने राजधानीस परतले. पुढे राजे भूमिबोल यांचाही इथे दीर्घ मुक्काम असे. जवळच्या हुआय मोंगकोल खेड्यात त्यांची मोटार चिखलात रुतली, गावकऱ्यांनी ती काढली आणि बदल्यात रस्ता मागितला. १९५२ मध्ये झालेला तो रस्ता म्हणजे त्यांच्या ग्रामविकास कार्याची सुरुवात मानली जाते.

कमी पावसाची किंमतही हुआ हिन मोजते. प्यायला पाणी पुरवण्याचा भार मुख्यतः दक्षिणेच्या प्रान बुरी नदीवरील धरणावर आहे. हॉटेले, तरणतलाव आणि गोल्फची हिरवळ एकीकडे, परिसरातले अननसाचे मळे दुसरीकडे, आणि पाऊस ओढ देतो त्या वर्षी ओढाताण उघडी पडते. अननस हे प्रांताचे मुख्य पीक, कोरड्या वाळूसर जमिनीत तगणारे. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे शहरामागच्या टेकड्यांत द्राक्षांचा मळा आहे आणि वाइनही होते. समुद्रापासून तासाभराच्या आत द्राक्षे, ही गोष्ट नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला पटणे अवघड आहे. राजघराण्याच्या पुढाकाराने सुरू झालेल्या कृत्रिम पावसाच्या योजनेची विमाने हुआ हिनच्या छोट्या विमानतळावरून उडतात. शेजारच्या चा-आममध्ये किनाऱ्याची धूप थांबवण्यासाठी बांधलेल्या काँक्रीटच्या पायऱ्यांनी पुळणीची शोभा घालवली आहे, आणि स्थानिकांत त्यावरून वाद आहेत.

निवृत्तांच्या वस्तीला कायद्याची चौकट आहे. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाला थायलंडमध्ये वर्षभराचा निवास परवाना मिळू शकतो. त्यासाठी बँकेत आठ लाख बाट ठेव किंवा दरमहा ६५,००० बाट उत्पन्न दाखवावे लागते आणि दर ९० दिवसांनी पत्त्याची नोंद करावी लागते. काही प्रकारांत आरोग्यविमा सक्तीचा आहे. परदेशी माणसाला स्वतःच्या नावे जमीन घेता येत नाही. सदनिका घेता येते, पण एका इमारतीतील एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परकी मालकी चालते. त्यामुळे बहुतेक जण भाड्याने राहतात, आणि ते शहाणपणाचे आहे. हवा मानवली नाही, गुडघे बिघडले किंवा मुलांची ओढ लागली तर सामान उचलून निघता येते. खासगी रुग्णालये चांगली आहेत, पण खर्च खिशातून. गावात वृद्धांच्या दृष्टीने खरी अडचण पदपथांची. ते उंचसखल, मध्येच तुटणारे आणि हातगाड्यांनी व्यापलेले आहेत. गावाच्या मधोमध जाणारा फेत्काझेम महामार्ग ओलांडणे हीही एक परीक्षाच.

मूळचे कोळ्यांचे गाव मात्र पुरते नाहीसे झालेले नाही. जुन्या धक्क्यांवर खांबांवर उभ्या खानावळी आहेत, त्यांच्याखाली पाणी हलते आणि बाजूला जाळ्यांवर माकली वाळत घातलेली असतात. अंधार पडल्यावर त्या पकडणाऱ्या होड्या हिरवे दिवे लावून आखातात जातात आणि क्षितिजावर हिरवा उजेड पसरतो. दक्षिण टोकाला खाओ टकियाब ही टेकडी, तिच्यावर बौद्ध मठ, पायथ्याशी समुद्राकडे तोंड करून उभी बुद्धमूर्ती आणि हातातली पिशवी हिसकावणारी माकडे.

परिसरातली पाहण्यासारखी ठिकाणे थोडी दूर आहेत. दक्षिणेला चुनखडीच्या सुळक्यांचे खाओ साम रोइ योत राष्ट्रीय उद्यान असून त्यातील फ्राया नाखोन गुहेत राजे चुलालोंगकोर्न यांच्या १८९० च्या भेटीसाठी उभारलेला मंडप आहे. छतातल्या भोकातून सकाळच्या वेळी ऊन त्याच्यावर पडते. पश्चिमेला केंग क्राचानचे अरण्य. २०२१ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेले, मात्र तिथल्या मूळ कारेन रहिवाशांच्या हक्कांचा प्रश्न तेव्हाही अनुत्तरित होता. अलीकडे भारतीय कुटुंबे लग्नसमारंभासाठी हुआ हिनची हॉटेले घेऊ लागली आहेत, आणि मोसमात तिथे ढोल-ताशे ऐकू येतात.

बँकॉकहून रेल्वे, बस आणि मिनीव्हॅनची सोय आहे. लाल-पिवळसर रंगाचे जुने लाकडी रेल्वेस्थानक व त्यालगतचा शाही प्रतीक्षामंडप जपून ठेवला आहे. दुहेरीकरणानंतर ११ डिसेंबर २०२३ पासून गाड्या शेजारच्या उन्नत स्थानकावर थांबतात.