समोरची रिकामी जागा

आमच्याकडं गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही. गंगाच म्हणतात. गंगेला पूर आला, धुणं गंगेवर नेलं, अमक्याला गंगेच्या वाळूत पोचवलं. त्या गंगेकाठचं गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. माझी आजी जनाबाईंबद्दल बोलायची ती आमच्याच भावकीतल्या पोरीबद्दल बोलावं तशी. "एवढंसं लेकरू, पार पंढरपुराला परक्याच्या घरी ठेवलं गं माय," म्हणताना तिचा गळा दाटायचा. सातशे वर्षं झाली त्याला, पण आजीच्या लेखी ते कालपरवाचंच होतं. नामदेवांच्या घरी जनी दळायला बसली की विठ्ठल येऊन खुंट्याला हात लावायचा, यावर तिचा पुरा भरवसा. म्हणून एकटी दळत असली की जात्याच्या समोरची जागा ती मोकळी ठेवायची. आम्ही पोरं तिथं जाऊन बसलो तर हातानंच खुणावायची, सरक.

पहाटे चारच्या सुमाराला जातं सुरू व्हायचं. कोनाड्यात रॉकेलची चिमणी, एक पाय लांब सोडून बसलेली आजी, समोर बहुतेक वेळा धाकटी चुलतआजी. सुपातली ज्वारी मुठीमुठीनं वैरायची, दोघींचे हात एकाच खुंट्यावर, आणि घरघर एका लयीत आली की ओवी निघायची. पहिली देवाची, मग आईबापाची, मग भावाची. माझी झोप त्या आवाजानं मोडायची नाही, उलट जातं थांबलं की जाग यायची. उजाडता उजाडता भाकरी, अंबाडीची भाजी, वर कारळाची चटणी. त्या भाकरीची चव मला पुन्हा कुठं मिळाली नाही, आणि ती नुसती ज्वारीची होती असं मी मानत नाही.

ही ओवी जुनी किती? चालुक्य राजा सोमेश्वरानं 1129 च्या सुमाराला 'मानसोल्लास' रचला, त्यात महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये गीता सांगायला ओवी घेतली, ती त्याच्याही दीडशे वर्षं आधीपासून बायांच्या तोंडी होती. पंडितांनी ती बायांकडून उचलली, असं मी तर सरळ म्हणतो.

आजीची एक मुलगी तापानं गेली, माझी आत्याच. कधी गेली यावर घरात एकमत नाही. चुलते म्हणायचे रझाकाराच्या सालात, आई म्हणायची त्याच्या आधी. आजी मात्र साल सांगायची नाही. ती एवढंच सांगायची की तेराव्यानंतर सासऱ्यांनी बजावलं, आता रडणं पुरे. मग ती दुसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर बसली, आणि लेकीचं नाव घालून ओवी म्हटली. ओसरीवर सासरे जागे होते. ते काही बोलले नाहीत. "रडू नको म्हणतेत समदे," आजी मला म्हणाली होती, "पण दळू नको कुणी म्हणत न्हाई." पायली दोन पायली दळून होईपर्यंत ती रडून घ्यायची. पीठ भरायची, पदरानं तोंड पुसायची आणि चूल पेटवायची. देवाला हाक, लेकीचं दुःख आणि पोटचं उरलेलं लेकरू जगावं ही आस, तिघांना मिळून तेवढाच वेळ होता.

रझाकाराच्या त्या दिवसांत, ऐकीव सांगतो, आमच्या घरची माणसं काही महिने जिंतूरकडून निजामाची हद्द ओलांडून वऱ्हाडात लोणारच्या बाजूला राहिली. जातं कुठं नेणार? आजीनं वरची तळी काढून उकिरड्यात पुरली म्हणे. 1948 च्या सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शन झाली, 17 तारखेला निजाम शरण आला, आणि मंडळी परतली. घराचं दार गेलं होतं, भांडी गेली होती. आजीनं आधी तळी उकरून काढली, गंगेवर नेऊन धुतली. त्या पहाटे गल्लीत आमचंच एक जातं वाजत होतं, असं चुलते सांगत. तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे असतील.

1972 चा दुष्काळ मात्र मी पाहिला. घरातली बायामाणसं खडी फोडायला, रेशनवर तांबडी मिलो ज्वारी. ती ज्वारी दळताना आजीच्या ओवीत गंगामाय यायची, सारखी, नदीला नव्हे तर पावसाला बोलवावं तशी.

पुढं गावात विजेची गिरणी आली. बायांच्या खांद्याचे हाल थांबले, त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. जातं दारामागं गेलं आणि ओवी त्याच्यासोबत गेली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि जन्मानं फ्रेंच असलेले गी पॉइटवाँ यांनी हजारावर गावांतून लाखावर ओव्या जमवल्या. आपल्या ताडकळसच्या बाईचा आवाज त्यांत आहे, दुःखानं भिजलेला. शेजारच्या माजलगावच्या बायांनी त्याच ओवीत बाबासाहेबांना घरच्या माणसासारखं बसवलंय. ते ऐकताना मला आजी आठवली आणि लाज वाटली, तिची एकही ओवी मी उतरवून ठेवली नव्हती.

मग गेल्या दिवाळीत चुलतआजीच्या लेकीला, माझ्या आक्काला, गळ घातली. ऐंशीच्या पुढची. म्हणाली, काही आठवत न्हाई बाप्पा. दोनदा सुरुवात केली, अडली. मग तिनं सतरंजीवर उजवी मूठ टेकवली आणि हात गोल फिरवू लागली, नुसताच. चौथ्या-पाचव्या फेऱ्याला ओवी आली. एकामागून एक, बावीस ओव्या. त्यांत माझ्या मेलेल्या आत्याचं नावही होतं. मी ते पहिल्यांदाच ऐकलं.

तुमच्या घरी जात्यावर बसलेली कुणी असेल तर तिला नुसतं गा म्हणू नका. दारामागचं जातं पुढं काढा, मूठभर ज्वारी वैरा आणि खुंट्याला तुमचाही हात लावा.